लिफ्टवाल्यांच्या बाई

प्रिय ठमे,

पाकीट बघून दचकू नकोस. हल्ली घरी पत्र आलं की माणसाला आधी वाईटच सुचतं, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते, मी ठणठणीत आहे. दाढ दुखत होती तीही काढून टाकली. पत्र लिहायला बसले कारण फोनवर आपल्या दोघींचं जमत नाही. मी विचारते जेवलीस का, तू म्हणतेस हो. तू विचारतेस बरी आहेस ना, मी म्हणते हो. मग दोघी एकदमच ‘अजून काय’ म्हणतो आणि तू फोन बाबांकडे देतेस. बाबा मला कुकरच्या शिट्ट्या किती ते विचारतात. एकोणीस वर्षं मी मुलांना पत्रलेखन शिकवलं. मायना कुठे, तारीख कुठे, अर्धा गुण कशाचा कापतात, सगळं तोंडपाठ. आणि पोटच्या पोरीला आजवर एक पत्र लिहिलं नाही. आज रविवार आहे, कपडे वाळत घालून झालेत, दुपार मोकळी आहे. लांबण लागणार आहे, तेव्हा चहा करून घे आणि निवांत बैस.

माझी खोली तू फोनवर पाहिलीस ती मी दाखवली तेवढीच. चौथा मजला, जिना अरुंद, सामान घेऊन चढताना दर मजल्यावर देव आठवतो. एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीला शेगडी आणि मधे मी. खिडकीखाली सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. तिथला माणूस चाक हवेत फिरवतो आणि डॉक्टरसारखा कान लावून ऐकत बसतो. घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते, सत्तरीची आहे. माझी भाषा तिला येत नाही, तिची मला जेमतेम कळते, पण आमचं मेतकूट चांगलं जमलंय. ती तिच्या भाषेत सुनेची गाऱ्हाणी सांगते, मी आपल्या भाषेत तुझ्या आत्याची सांगते आणि दोघी अगदी योग्य जागी माना डोलावतो. पहिल्या आठवड्यात मात्र मी या खोलीत नुसती बसून राहायचे. लग्नाआधी वडिलांचं घर, नंतर आपलं घर. सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा मला एकटीची अशी एक किल्ली मिळाली होती. ती मी दिवसातून दहादा पर्समधून काढून बघायचे. हरवली तर नाही ना म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते.

तू दुसरीत असताना मला एकदा विचारलं होतंस, ‘आई, तू खरी बाई आहेस की बदली बाई?’ तुझ्या वर्गावर तेव्हा कुणाच्या तरी रजेत एक बदली बाई आल्या होत्या आणि त्यांचं कुणी ऐकायचं नाही. मी हसण्यावारी नेलं. आज उत्तर देते. कॉलेजात इंग्रजी शिकवत मी एकोणीस वर्षं बदलीच होते. ‘तासिका तत्त्वावर’ हे शब्द तू घरात इतके ऐकलेस की तुला ते माझ्या पदवीचाच भाग वाटत असणार. जूनमध्ये नेमणुकीचा कागद यायचा, मार्चमध्ये तो संपायचा, आणि एप्रिल-मेमध्ये मी कुणीच नसायचे. प्राध्यापकांच्या खोलीत कायम लोकांच्या खुर्च्या ठरलेल्या, माझी पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर. सह्यांची वहीसुद्धा आम्हा तासिकावाल्यांची वेगळी. एकेका वर्गात सव्वाशे मुलं. मी टिपणं सांगायची, ती उतरवून घ्यायची, आणि परीक्षेत माझीच वाक्यं मला परत करायची. सव्वाशेतल्या एकाचाही आवाज मला ओळखता आला नसता. कायम जागेसाठी पाच वेळा मुलाखत दिली. पाचव्या वेळी समितीतल्या एका गृहस्थांनी माझी फाइल मिटली आणि अगदी मायेनं विचारलं, ‘मॅडम, आता या वयात कशाला ही धडपड?’ घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं की जागाच रद्द झाली. ती रद्द झाली नव्हती. माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीला मिळाली होती. मुलगी हुशार आहे, तिला मिळाली हे योग्यच झालं. पण त्या दिवशी स्टॉपवर उभी राहून मी आपल्या घराकडे जाणाऱ्या तीन बसगाड्या सोडून दिल्या.

इकडची जाहिरात मला बाबांनी दाखवली, तीही थट्टेत. ‘बघ, परदेशात इंग्रजीच्या बाई हव्यात, तू जा, मी स्वयंपाक शिकतो,’ म्हणाले. मी अर्ज केला तेव्हा त्यांना वाटलं थट्टेला थट्टा. वीस मिनिटांची मुलाखत झाली, आणि पंधरा दिवसांनी होकार आला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तरी ते म्हणाले, ‘जा, वर्षाचाच तर प्रश्न आहे.’ मग आत्या आली. तिनं डोळ्यांना पदर लावून सगळ्यांसमोर जाहीर केलं, ‘लेकीच्या शिक्षणासाठी आई साता समुद्रापार निघाली. आईच ती.’ तू पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी होतीस. मी तुझ्या हातातला एक ग्लास घेऊन पाणी प्यायले. पुढच्या आठवड्यात शेजारी आले, मामा आला, तुझ्या शाळेतल्या बाई भेटल्या, सगळ्यांना तेच सांगितलं गेलं, आणि दोन-चार वेळा तर मीच सांगितलं. विमानतळावर तू फोनमधून मान वर केली नाहीस. मला वाटलं, मी सोडून चालले म्हणून रागावली आहेस. इतके दिवस मी तसंच धरून चालले होते.

आता संस्थेचं सांगते, कारण त्यातही मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवलीय. आमची संस्था एका चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. वर्गांना काचेच्या भिंती. आत काय चाललंय ते जाता-येता पालकांना दिसावं म्हणून. मला सात-आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग मिळाला. मुलं गोड होती, दोन आठवड्यांत माझ्या अंगाखांद्यावर खेळायला लागली. तिसऱ्या आठवड्यात संचालिकेनं बोलावलं. बाई वाईट नाही, पण तिनं जे सांगितलं ते टेबलाकडे बघत सांगितलं. ‘मुलांची तक्रार नाही. पालकांची आहे. त्यांना इंग्रजीच्या शिक्षिकेसारखी दिसणारी शिक्षिका हवीय.’ मी विचारलं, ती कशी दिसते? तिला उत्तर द्यावं लागलं नाही, कारण काचेपलीकडून तो चाललाच होता. चोवीस वर्षांचा, सोनेरी केसांचा, दारातून वाकून यावं लागतं इतका उंच. जन्मापासून इंग्रजी बोलतो, शिकलाय मासे. म्हणजे माशांचं शास्त्र. आयुष्यात खडू धरला नव्हता. मी मनातल्या मनात त्याचं नाव उंटराव ठेवलं आणि माझा वर्ग उंटरावांना गेला. त्या दिवशी फोनवर मी तुला म्हणाले, ‘मला मोठ्या माणसांचे वर्ग दिलेत, बढतीच म्हणायची.’ खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस परत ये, आणि त्या दिवशी मी आले असते.

मला मिळालेला वर्ग कुणालाच नको होता. गावाच्या टोकाला लिफ्ट बसवणारी आणि दुरुस्त करणारी एक कंपनी आहे. सकाळी सात वाजता, त्यांची पाळी सुरू व्हायच्या आधी, त्यांच्या कॅन्टीनमध्ये वर्ग. लांबलचक टेबलं, ग्रीसचा वास, कोपऱ्यात उकळत असलेला चहा. नऊ जण, आठ पुरुष आणि एक बाई. कंपनी एका परदेशी मालकानं विकत घेतली होती, आणि ज्याला पथकप्रमुख व्हायचं त्यानं दहा महिन्यांत इंग्रजीची परीक्षा द्यायची असा हुकूम निघाला होता. सगळ्यात वयस्कर जो, त्याला मी मुकादम म्हणते. चौपन्न वर्षांचा, डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर कधीतरी दोरात गेलेलं. आणि ती एकटी बाई, तिशीतली, बुटकी, खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि खिशात कायम पकड. ती माझी पकडबाई. पहिल्या दिवशी मी माझ्या सवयीनं फळ्यावर साध्या वर्तमानकाळाचा तक्ता काढला, तीन प्रकार, नियम, अपवाद. सगळ्यांनी सुबक अक्षरात उतरवून घेतलं. मला वाटलं, काय शहाणे विद्यार्थी आहेत. तास संपता संपता मुकादमानं हात वर केला. उठून उभा राहिला, बराच वेळ शब्द जुळवले. त्याचं इंग्रजी आपल्या भाषेत आणलं तर असं होतं: ‘बाई, लिफ्ट बंद. माणसं आत. मी बोलू काय?’

ठमे, ‘उद्या सांगते,’ म्हणून मी निघाले. कवीच्या दुःखाची पाच कारणं मी झोपेत सांगितली असती, पण लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांत मला कुणी असा प्रश्न विचारलाच नव्हता. मी कुणाला विचारू दिला नव्हता, असंही म्हण.

संस्थेत परत आले तर उंटराव माझ्याच टेबलाशी व्याकरणाचं पुस्तक घेऊन वाकलेला. वर्गातल्या एका चिमुरडीनं त्याला विचारलं होतं की ‘गेला’ आणि ‘गेला आहे’ यात फरक काय, आणि त्याला घाम फुटला होता. तो म्हणाला, ‘मला बोलता येतं, पण तसंच का बोलायचं ते मला कुणी शिकवलंच नाही.’ मी म्हटलं, ‘मला तसंच का बोलायचं ते सगळं माहीत आहे, पण मी कधी बोललेच नाही.’ आम्ही दोघंही हसलो, आणि माझा त्याच्यावरचा राग त्या हसण्यात कुठे गेला ते मलाही कळलं नाही. मग आंधळ्या-पांगळ्याच्या गोष्टीतल्यासारखी आमची जोडी जमली. रोज अर्धा तास मी त्याला काळ आणि क्रियापदं शिकवायची आणि अर्धा तास तो मला बोलायला लावायचा. काहीही, सकाळी काय खाल्लं, बसमध्ये कोण भेटलं. पहिल्याच दिवशी आम्ही मिळून लिफ्टवाल्यांसाठी डझनभर वाक्यं तयार केली. घाबरू नका. मी इथेच आहे. आत किती जण आहात? कुणाला बरं वाटत नाहीये का? दाराला हात लावू नका. हवा येत राहते. आणि शेवटी उंटरावानं सुचवलेलं एक वाक्य, कारण अडकलेली माणसं भरभर बोलणार: ‘पुन्हा सांगा, सोपं करून सांगा.’

वर्गाचा नूरच पालटला. फळा बाजूला गेला. निम्मे जण टेबलाखाली अडकायचे आणि निम्मे बाहेरून त्यांना सोडवायचे. पकडबाई ‘घाबरू नका’ असं काही दरडावून म्हणायची की निर्धास्त बसलेला माणूसही घाबरावा. तिचा आवाज खाली आणण्यात आमचे दोन आठवडे गेले. एकजण इतका हळवा निघाला की आतल्यांना धीर देता देता त्यालाच धीर द्यावा लागायचा. साडेआठला मी बाहेर पडायची तेव्हा माझा घसा बसलेला असायचा आणि भूक लागलेली असायची. मी दोन-दोन वेळा नाश्ता करायला लागले. वजन वाढलंय, बाबांना सांगू नकोस.

चौथ्या महिन्यातली गोष्ट आहे. कंपनीच्या आवारात सरावासाठी बांधलेला एक तीन मजली मनोरा आहे, त्यात खरी लिफ्ट. मीच म्हटलं, टेबलं पुरे झाली, मी आत बसते, तुम्ही मला सोडवा. एकेकाची पाळी झाली आणि मुकादमाची आली. त्यानं लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबवली. आतला पंखा बंद, दिवा मंद. लटकं आहे हे माहीत असूनही मी भिंतीची दांडी घट्ट धरली. मग जाळीतून त्याचा आवाज आला. ‘बाई, घाबरू नका. मी इथेच आहे.’ पुढचे प्रश्न मीच त्यांना शिकवले होते, आतल्या माणसाचं मन गुंतवून ठेवण्यासाठी. ‘तुम्ही कुठल्या?’ मी म्हटलं, लांबची. ‘घरी कोण?’ नवरा आहे, मुलगी आहे. ‘मग इथे का आलात?’ माझ्याकडे उत्तर तयार होतं. मुलीचं उच्च शिक्षण, घरची परिस्थिती, कर्तव्य, छान लांब इंग्रजी वाक्य. मग तो म्हणाला, ‘पुन्हा सांगा. सोपं करून सांगा.’ मी म्हटलं, मुलीसाठी आले. ‘मुलगी इथे आहे?’ नाही, घरी आहे. ‘कळलं नाही, बाई. मुलगी तिथे. तुम्ही इथे. मुलीसाठी कसं? पुन्हा सांगा, सोपं करून.’ त्याला काही शहाणपणा करायचा नव्हता गं. बिचारा आपली वाक्यं घोकत होता. पण त्या मंद दिव्यात, जिथे मला कुणी बघत नव्हतं, माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मला माझा स्वतःचा वर्ग हवा होता.’ पाच शब्दांचं इंग्रजी वाक्य. ‘आता कळलं,’ तो समाधानानं म्हणाला आणि त्यानं लिफ्ट खाली आणली. दार उघडलं तर हा कागदावर खुणा करत उभा. ‘बाई, बरोबर?’ मी म्हटलं, बरोबर. पैकीच्या पैकी दिले आणि पाणी प्यायला म्हणून कॅन्टीनमागे जाऊन पाच मिनिटं उभी राहिले. रडू आलं नाही. हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली. त्या संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी नेहमीपेक्षा जास्त वेळा विचारलं, जेवलीस ना, जेवलीस ना. तू वैतागलीस. तुझं बरोबर होतं.

सातव्या महिन्यात पकडबाई वर्गात आली तीच पळत. आदल्या दिवशी एका हॉटेलात परदेशी आजी-आजोबा लिफ्टमध्ये अडकले होते. आजोबा आरडाओरडा करत होते, आजी रडत होत्या, आणि ब्रेकच्या कामाला पाऊण तास लागणार होता. पकडबाईनं सोबत्याला कामाला लावलं आणि स्वतः दाराशी मांडी ठोकून बसली. हळू आवाजात. नाव विचारलं, नातवंडं विचारली, घरी कुत्रा आहे का विचारलं. कुत्रा होता. मग आजी कुत्र्याबद्दलच बोलत राहिल्या आणि आजोबाही मधे मधे त्यांची चूक काढायला लागले, म्हणजे सगळं ठीक आहे हे हिला कळलं. बाहेर आल्यावर आजींनी हिचे ग्रीसचे हात हातात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. हे सगळं तिनं आम्हाला इंग्रजीत सांगितलं, चौदा चुका करून. मी एकही सुधारली नाही. तिचं बोलून झाल्यावर बाकीच्या आठांनी टेबलं बडवली. एकोणीस वर्षांत मला कुणी सकाळी येऊन सांगितलं नव्हतं की बाई, तुम्ही शिकवलंत ते काल उपयोगी पडलं. संस्थेच्या दाराशी शिक्षकांचे फोटो लावतात, त्यात माझा नव्हता. त्या महिन्यात लागला. कंपनीवाले फोनवर माझं नाव नीट उच्चारता येत नाही म्हणून ‘त्या लिफ्टवाल्यांच्या बाई’ म्हणतात, तेव्हा फोटोखाली नाव काय टाकायचं यावर उंटरावानं बरेच विनोद केले.

परीक्षा गेल्या महिन्यात झाली. नवांपैकी सहा पास, पकडबाई पहिली. मुकादम नापास. बोलण्यात त्याला सगळ्यांत जास्त गुण, पण ऐकण्याच्या भागात गडी गडबडला. कानाला यंत्र लावून ऐकायचं होतं, आवाज भरभर बोलत होता, आणि यंत्राला काही ‘पुन्हा सांगा, सोपं करून’ म्हणता येत नाही. निकाल लागला तेव्हा मलाच फार वाईट वाटलं. मी म्हटलं, माझंच चुकलं, मी ऐकण्याचा सराव कमी घेतला. तो म्हणाला, ‘बाई, तुमचं काय चुकलं? परीक्षा माझी होती.’ आणि दुसऱ्या दिवशी सातला पाच कमी असताना वही घेऊन पहिल्या खुर्चीवर बसलेला. चार महिन्यांनी पुन्हा बसणार आहे. बसेल आणि होईल पास, असं माझं मन सांगतं. नाही झाला तरी तो माझ्यापासून तोंड लपवणार नाही, हे नक्की.

आता खरं सांगते, ठमे, हे पत्र का. गुरुवारी वर्ग चालू असताना तुझा निरोप आला. ‘आई, दोन विषय गेले. तू माझ्यासाठी तिकडे एकटी राबतेस आणि मी तुझं अख्खं वर्ष वाया घालवलं. सॉरी.’ तीन दिवस मी तो वाचतेय. मी वरवर उत्तर दिलं, होतं असं, काळजी करू नकोस. पण ते उत्तर नव्हतं. तेव्हा हे घे, सोपं करून. मी तुझ्यासाठी आले नाही. म्हणजे पैसे तुझ्या फीला गेले आणि जाणार, ते तुझ्याच हक्काचे आहेत, मी तिथे असते तरी ते कुठूनही उभे केलेच असते. पण मी आले माझ्यासाठी. बाई स्वतःसाठी निघाली तर लोक नावं ठेवतात आणि लेकीसाठी निघाली तर पाया पडतात, म्हणून मी तुला पुढे केलं, आणि माझ्या हौसेचं ओझं तुझ्या पाठीवर ठेवून विमानात बसले. विमानतळावर तू मान वर का केली नाहीस, ते मला गुरुवारी कळलं. तू रागावलेली नव्हतीस, तू दबली होतीस. माझं चुकलं. माझं वर्ष वाया गेलेलं नाही, बाळ. इतकं चांगलं वर्ष माझ्या आयुष्यात दुसरं आलेलं नाही, आणि ते वाया घालवणं तुझ्या हातात नव्हतंच. संचालिकेनं आणखी दोन वर्षांचा करार पुढे केला. ‘घरी विचारून सांगा’ म्हणाली. मी बाबांना आधी सांगितलं, ते ‘कुकरची नवी शिट्टी आणलीय’ एवढंच म्हणाले, आणि शुक्रवारी मी सही केली. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू ‘राहा’ म्हणाली असतीस आणि ते आणखी एक ओझं झालं असतं. त्या दोन विषयांचं काय करायचं ते तुझं तू ठरव. पुन्हा बस, नाहीतर दुसरं काही शिक, मला वर्षभर काहीही सांगू नकोस हवं तर. फक्त माझ्यासाठी म्हणून एकही पेपर लिहू नकोस. आणि सुट्टीत इकडे ये. पलंग एकच आहे, पण मी तो आडवा-उभा मोजून पाहिलाय, दोघी मावतो. हे वाचून रागावलीस तर खुशाल रागाव. या वेळी तो राग तुझ्या हक्काचा असेल, आणि मी फोन बाबांकडे देऊ देणार नाही.

तुझीच, आणि आता थोडी स्वतःचीही,
आई